तारेच्या मशिनीवर जोडलेली खुर्ची

ज्याने आमच्या मल्टीचा जिना कागदावर काढला, तो माणूस मला एकदा भेटायला हवा होता. मी स्वतः सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होतो. नोकरीभर जिने, पूल, पाण्याच्या टाक्या हेच काढत आलो. म्हणून सांगतो, इतका चिंचोळा जिना आणि इतकं आखूड वळण कुणी शुद्धीत असताना काढत नाही. सुदामा नगरातली आमची ही इमारत, इकडे अशा इमारतीला मल्टी म्हणतात, म्हणजे खाली पार्किंग, वर तीन मजले, आणि लिफ्ट नाही. आम्ही सगळ्यात वर. घर घेतलं तेव्हा बायको खूश होती, वरची गच्ची जवळजवळ आपलीच, पापड-कुरडया वाळवायला बरं पडेल म्हणून. तेव्हा आम्ही दोघंही तो जिना गप्पा मारत चढत होतो.

मग तिच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी इंग्रजीत बरंच काही सांगितलं, पण अर्थ तेवढाच होता. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जायचं, मशिनीवर रक्त धुऊन घ्यायचं आणि घरी यायचं. नाही नेलं तर काय होईल, ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन साध्या हिंदीत सांगितलं. ते मी तिला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही, कारण तिला कळलेलं होतं.

सुरुवातीला ती कठडा धरून उतरायची. पुढे पायांत जोरच उरला नाही. मग प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मल्टीतली चार माणसं तिला खाली न्यायची आणि परत वर आणायची. त्यांचा म्होरक्या म्हणजे पहिल्या मजल्यावर राहणारा, चौकात नमकीनचं दुकान असलेला एक मालवी माणूस. अंगाने दांडगा, बोलायला गोड. मी पाण्याची बाटली आणि रिपोर्टांची पिशवी घेऊन मागून ओरडत यायचो, "हळू, अरे हळू, वळणावर जरा वाकडी करा!" आणि तो म्हणायचा, "काकाजी, आप बस चुप रहो, काकीजी हमारी जिम्मेदारी." असं बरेच दिवस चाललं.

एके दिवशी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय फाटला. फाटला म्हणजे अक्षरशः कागदासारखा चिरला. ती एका बाजूला कलंडली. नमकीनवाल्याने तिला दोन्ही दंडांना धरून वरच्या वर झेललं, नाहीतर तिथेच सगळं संपलं असतं. दवाखान्यातून परत आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि म्हणाली, "आता बस झालं हो. मी नाही जाणार यापुढे."

मी चिडलो. माझं पहिल्यापासून असंच आहे, भीती वाटली की आवाज चढतो. नाही जाणार म्हणजे काय, हा काय सिनेमा आहे का, वगैरे वाट्टेल ते बोललो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चार माणसं कामधंदा सोडून येऊन राहिली, कुणाची पाठ धरते, कुणाला दुकानाला उशीर होतो. आणि मी आपली पोत्यासारखी. किती दिवस करायचं हे?"

मुलगी बंगळुरूला असते. तिने फोनवर रडून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी रुग्णांना उचलून न्यायची तयार खुर्ची ऑनलाइन मागवून दिली. आली, बघितली, छान होती. पण आमच्या वळणावर ती वळेचना. मागचे दांडे भिंतीला अडकायचे आणि पुढचे कठड्याला. परत पाठवली. तळमजल्यावर भाड्याचं घर बघितलं, तर बायको म्हणाली, आपलं घर सोडून मरायला दुसऱ्याच्या घरात नाही जायची. मग लोहामंडीतल्या दोन फॅब्रिकेशनवाल्यांना बोलावलं. एक जण येऊन माप घेऊन गेला तो गेलाच. दुसरा रोज सांगायचा, "भिया, कल पक्का." त्याचा तो कल काही उजाडला नाही.

शेवटी मीच बसलो आणि नकाशा काढला. चौकोनी पाइपची खुर्ची, पाठ उंच, पुढचे दांडे आत सरकणारे, म्हणजे वळणावर आखूड होतील. नकाशा उत्तम झाला. असे जोड मी हजारदा काढले होते. जिथे जोड यायचा तिथे बाण आणि वेल्डिंगची खूण करायची, की माझं काम संपलं. तो जोड प्रत्यक्षात कसा धरतो आणि कधी धरत नाही, हे बघायची वेळ कधी आली नव्हती.

तिला म्हटलं, "मी करतो खुर्ची. तोवर दवाखान्यात ये. नाही झाली तर तू म्हणशील ते."

"दिवाळीपर्यंत," ती म्हणाली. "पुढे मला आग्रह करायचा नाही. शपथ आहे माझी."

मी हो म्हटलं. तोपर्यंत नमकीनवाला तिला पाठीवर घेऊन उतरवायचा. साठी उलटलेली बाई, जन्मभर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी, परक्या माणसाच्या गळ्यात हात टाकून डोळे मिटून घ्यायची. तो बिचारा मान खाली घालून एकेक पायरी उतरायचा. मी मागून बघायचो आणि माझा जीव तुटायचा.

मागवलेली वेल्डिंगची मशीन आली ती दसऱ्याच्या तोंडावर. घरगुती कामाची, लहान ट्रंकेएवढी. हिच्यात वेल्डिंगच्या कांड्या लावायच्या नसतात. आत तारेचं रीळ बसवायचं, दोन लहान रोलर ती तार चिमटीत धरून पुढे ढकलतात, आणि लांब नळीतून ती टॉर्चच्या, म्हणजे हातात धरायच्या मुठीच्या, टोकाला येते. तिथे ठिणगी पडते आणि तार वितळून जोड होतो. मी पोटात पावडर भरलेली तार घेतली, म्हणजे गॅसची टाकी लागत नाही. गच्चीवर वारा असतो, वाऱ्यात गॅस उडून जातो, हे मी वाचलं होतं. वाचलं सगळंच होतं.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, तेव्हा म्हणे तलवार पुजायचे. वडिलांच्या वेळी लेखणी आणि टाइपरायटर. आमच्या संसारात माझी कंपासपेटी, विळी, स्कूटर आणि तिची शिवणाची मशीन. तिने कितीतरी वर्षं घरी बसून ब्लाउज शिवले, अर्ध्या कॉलनीचे. त्या वर्षी तिने ही नवी मशीनही पाटावर ठेवायला लावली. मी म्हटलं, "अगं, तुला बसवत नाही, मी करतो." तर म्हणे, "तुम्ही झेंडू घेऊन या. पूजा माझी मी करते." मी बाजारात गेलो आणि येईपर्यंत सगळं झालंही होतं. मशिनीवर हळदीकुंकू, हँडलला पूजेचा लाल नाडा, झाकणावर स्वस्तिक. ती दमून भिंतीला टेकून बसली होती, पण चेहरा बरा दिसत होता.

दसऱ्यानंतर मी गच्चीवर काम सुरू केलं आणि हात टेकायची वेळ आली.

पहिल्या दिवशी तर नुसता ठिणग्यांचा पाऊस. जोडावर जाळी पडली, जुन्या स्पंजासारखी. शर्टाला भोकं पडली ती वेगळीच. पुस्तक पुन्हा उघडलं, तेव्हा कळलं की आमच्या मशिनीत विजेच्या वायरी उलट्या होत्या. पावडरवाल्या तारेला टॉर्च ऋण टोकावर लागतो आणि जोडायच्या पाइपला लावायचा चिमटा धन टोकावर. कारखान्यातून ती गॅसवाल्या तारेसाठी जोडून आली होती. मी अदलाबदल केली आणि ठिणग्या निम्म्याने कमी झाल्या. वाटलं, जिंकलो.

कसलं जिंकलो! दुसऱ्या दिवशी ठिणगी धरायची आणि सुटायची. चिमटा मी रंगीत पाइपवर लावला होता. रंगातून वीज जाते होय? ग्राइंडरने रंग घासून पाइप चकचकीत केला. थोडं सुधारलं, पण मशीन दम लागल्यासारखी धापा टाकायची. घरातून गच्चीपर्यंत मी दिवाळीच्या लायटिंगचा बारीक एक्स्टेन्शन बोर्ड नेला होता. त्यावर हात ठेवला तर वायर गरम. मुकाट्याने जाड केबल आणली आणि एसीच्या सॉकेटवरून थेट वर घेतली. मग मशिनीचा आवाज भरदार झाला.

तरीही घोडं कुठेतरी पेंड खातच होतं. तार अडखळत यायची. चांगली चालली असताना मध्येच दमायची, मग एकदम झटका देऊन पुढे यायची. कधी तार टिपेलाच चिकटून बसायची. टॉर्चच्या टोकाशी तांब्याची बारीक टिप असते, तिच्या भोकातून तार बाहेर येते. तिथे वितळून चिकटली की टिप फेकायची आणि नवी लावायची. मी टिपा बदलल्या. टॉर्चची नळी सरळ ठेवली, कारण वेटोळं झालं तर तार आत घासते. रीळ फार घट्ट आहे का बघितलं. मग रोलरचा दाब वाढवला. दाब वाढवला तर तारेचा पार गुंताच झाला, विंचरल्यावर फणीत केस अडकतात तसा. पावडरवाली तार पोकळ असते, जास्त दाबली की चपटी होते आणि टिपेतून जात नाही. मशिनीला इतक्या शिव्या घातल्या की शेजारच्या गच्चीवरची बाई कपडे न वाळवताच खाली निघून गेली.

एक गोष्ट मात्र मी केली नाही. झाकण रोज उघडायचो, आत रोलरवर कुंकवाचा लाल डाग दिसायचा, पण त्याला हात लावायचो नाही. पूजेचं कुंकू आपण पुसत नाही. ते आपसूक जाईल तेव्हा जाईल. आजही मला त्यात काही चूक वाटत नाही, पण घात तिथेच झाला होता.

धनत्रयोदशी दोन-तीन दिवसांवर आली. कशीबशी खुर्ची उभी राहिली. जोड वरून बघायला छान दिसत होते, फुगीर, एकसारखे. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. नमकीनवाल्याला वर बोलावलं. आम्ही खुर्चीत वाळूची पोती ठेवली आणि दोघांनी मागचे-पुढचे दांडे धरून उचलली. कंबरेपर्यंतही आली नसेल, तोच एक दांडा टक्कन सुटला. पोती गच्चीवर पालथी झाली.

मी तुटलेला जोड हातात घेतला. वरचं वेल्डिंग सालीसारखं अख्खं निघालं होतं, आणि खालचा पाइप जसाच्या तसा होता, घासून चकचकीत केलेला. वितळलेला धातू त्याला भेटलाच नव्हता, नुसता वर बसला होता. त्या पोत्यांच्या जागी ती बसली असती, हा विचार आला. मी तसाच खाली बसलो.

"काकाजी, टेंशन मत लो," नमकीनवाला म्हणाला, "मैं हूँ ना. पीठ पे ले जाऊंगा, जिंदगीभर."

"ती येणार नाही तुझ्या पाठीवर," मी त्याच्यावर खेकसलो. "दिवाळीनंतर ती येणारच नाही!" त्याला हे माहीत नव्हतं. मग त्याने पोती एकेक करून उचलून कोपऱ्यात लावली आणि खाली गेला.

जरा वेळाने डोकं ठिकाणावर आलं. वरून चांगला दिसणारा आणि आतून न धरलेला जोड म्हणजे थंड जोड, उष्णता कमी पडलेली. या मशिनीत तार जितक्या वेगाने येते तितका करंट ओढला जातो. म्हणजे तार पोचत नाही. म्हणजे रोलर फिरतो पण तार घसरते. इतक्या दिवसांत मी बाकी सगळं बदललं होतं, राहिला होता तो एवढाच. मी झाकण उघडलं, दाबाचा खटका वर केला आणि त्या कुंकवावर बोट फिरवलं.

बोट लाल झालं आणि तेलकटही. वास घेतला. तो वास आमच्या घरात इतकी वर्षं होता की डोळे मिटूनही ओळखला असता. शिवणयंत्राचं तेल. दोन्ही रोलर त्यात माखलेले, रिळावरची तार ओली, नळीच्या तोंडापर्यंत ओघळ गेलेला. तेलकट हाताने दोरी ओढावी तसे ते रोलर तार ढकलत होते.

पित्त खवळलं माझं. दोन-दोन पायऱ्या सोडत खाली गेलो, तसाच ग्राइंडिंगच्या धुळीने माखलेला, आणि पलंगाजवळ जाऊन ओरडलो, "मशिनीत तेल कुणी घातलं?"

"मी," ती म्हणाली. "नवमीला. का हो?"

"का? अगं, का म्हणून काय विचारतेस! वेल्डिंगच्या मशिनीत कुणी तेल घालतं का? इतके दिवस मी वर मर मर मरतोय. टिपा बदल, केबल बदल. खुर्ची तुटली आत्ता, कळलं? तुटली!"

ती उठून बसली. एकटीने, उशीचा आधार घेऊन. "मी दर नवमीला मशिनीला तेल देऊनच पूजा करते," ती म्हणाली. "तुम्हाला माहितीये. कोरड्या मशिनीची पूजा नाही करत आपण. झाकण उघडलं, तर आत दोन चाकं दिसली फिरायची. मला वाटलं, नवीन आहे, जड चालत असेल. म्हणून दोन्हीकडून नीट सोडलं तेल. चांगली चालावी म्हणून."

"चांगली चालावी म्हणून!" मी तिचंच वाक्य ओरडून म्हटलं आणि ओरडता ओरडताच ते मला ऐकू आलं.

मी थांबलो. ही बाई मला म्हणाली होती की आता बस झालं. शपथ घातली होती. आणि तीच बाई, जिला पाटावर धड बसवत नव्हतं, मला बाजारात पाठवून त्या मशिनीचं झाकण उघडून तेल सोडत बसली होती. कशासाठी? खुर्ची व्हावी म्हणून.

"तुला यायचंय," मी म्हटलं. "तुला दवाखान्यात यायचंय ना?"

तिचे डोळे भरून आले. "मला मरायचं नाहीये हो," ती म्हणाली. "कोणाला मरायचं असतं? पण त्या माणसाच्या पाठीवर नाही जाववत मला. लाज वाटते. आणि खुर्ची नाही झाली तर तुम्ही स्वतःला दोष देत बसाल, म्हणून मीच आधी नाही म्हणून ठेवलं."

मी पलंगावर तिच्या शेजारी बसलो. मला रडू आलं. म्हातारपणी रडताना माणूस फार वाईट दिसतो, पण मला थांबवता आलं नाही. ती आपल्या पदराने माझ्या तोंडावरची लोखंडाची काळी धूळ पुसत राहिली आणि म्हणत राहिली, "अहो, पदर खराब झाला माझा, बस करा आता." मग म्हणाली, "पुसून नाही का निघणार ते तेल?"

निघालं. झाकण उघडून दोन्ही रोलर काढले, थिनरमध्ये बुडवून ब्रशने घासले. कुंकूही गेलं. ती म्हणाली, जाऊ दे, पूजा पोचली. रिळावरची तेल लागलेली तार कापून टाकली, कोरडी लागेपर्यंत. नळीतला लाइनर, म्हणजे तार ज्यातून सरकते ती स्प्रिंग, ती तर बदललीच, कारण आत गेलेलं तेल पुसायला बोट पोचत नाही. रोलरचा दाब पुन्हा सैल केला आणि तार लाकडावर टेकवून बघितली. लाकडाला लागून ती वाकली, पण थांबली नाही. मग थोडा आवळला, आणखी नाही.

आधीचा एकेक जोड ग्राइंडरने कापून काढला. अख्खी खुर्ची पुन्हा सुटे पाइप होऊन पडली. काढताना वाईट वाटलं, पण एकही जुना जोड ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. आता तार न अडखळता येऊ लागली आणि आवाज एकसारखा झाला. जोडाच्या दोन्ही बाजूंना पाइप लालबुंद होऊन धातूत मिसळलेला दिसायला लागला. मी एक जोड मुद्दाम फालतू तुकड्यांवर केला आणि घणाने ठोकला. पाइप वाकला, जोड तसाच राहिला. ठोकाठोक ऐकून तिने खालून शेजारणीकरवी विचारलं, काय झालं? मी कठड्यावरून वाकून ओरडलो, "धरला!"

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी खुर्ची तयार झाली. वाळूची पोती ठेवली, मग नमकीनवाला स्वतः बसला आणि म्हणाला, "काकाजी, ये तो हाथी उठा लेगी." मग मी बसलो आणि मल्टीतल्या त्या चौघांना म्हटलं, मला पार खाली नेऊन परत वर आणा. चौघांनी नेलं. वळणावर दांडे आत सरकले, खुर्ची वळली, भिंतीला घासली नाही. पण तेवढ्या वेळात मला कळलं की खुर्चीत बसून उतरताना कसं वाटतं. पाय अधांतरी असतात. प्रत्येक मजल्यावर दार उघडतं आणि कुणीतरी हळहळत बघतं. आपण काहीच करू शकत नाही, कठडाही धरता येत नाही. मी वर आलो आणि नमकीनवाल्याला म्हटलं, तिला नेताना तिच्याशी बोलत जा, गप्प नेऊ नका. त्याने मान डोलावली.

दिवाळीनंतर ती गेली दवाखान्यात. पदर नीट घेऊन, पाठ टेकून, खुर्चीत. पहिल्या दिवशी मला म्हणाली, "तुम्ही मागे नका येऊ ओरडत. पुढे व्हा." मी पुढे झालो. मागून तिचा आवाज येत होता. नमकीनवाल्याला ती सांगत होती की तुझ्या शेवेत हल्ली लवंग कमी असते, आणि तो म्हणत होता, काकीजी, कल ही डलवाता हूँ. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. ती कधी फिकट व्हायची, कधी चार घास जास्त जेवायची. आम्ही त्या खुर्चीतून किती वेळा उतरलो-चढलो ते मी मोजलं नाही. मोजायची भीती वाटायची.

आषाढात एका सकाळी ती तशीच उतरली. जाताना मला बोलली, साबुदाणा भिजत घाला, आल्यावर खिचडी खाऊ. दुपारी दवाखान्यात, रक्त धुण्याच्या मशिनीवर असतानाच तिचं हृदय थांबलं. त्यांनी पुष्कळ प्रयत्न केले. मी बाहेर बसलो होतो. मला आत बोलावलं तेव्हा सगळं झालेलं होतं.

गाडीतून तिला घरी आणलं. मल्टीतले लोक जमले होते. कुणीतरी समजूतदारपणे म्हणालं, वर कशाला न्यायचं, जिना अरुंद आहे, इथेच पार्किंगमध्ये सतरंजी घालू, सगळ्यांना दर्शनही होईल. चुकीचं बोलत नव्हते ते, मल्टीत असंच करतात. पण मी म्हटलं, नाही. ती घरी येते म्हणून सांगून गेली आहे. तिला घरी न्यायचं. माझा आवाज चढला होता, ते मला कळत होतं.

नमकीनवाला कुणाशी न बोलता जाऊन खुर्ची घेऊन आला. त्या चौघांनी तिला तिच्याच शालीने पाठीशी नीट बांधलं, डोक्यावर पदर घेतला आणि उचललं. मी पुढे झालो. त्या दिवशी मजल्यामजल्यावर दारं उघडी होती आणि लोक हात जोडून उभे होते. वळणावर दांडे आत सरकले. नमकीनवाल्याने दुसऱ्या मजल्यावर एकदा तोंड उघडलं, सवयीने काहीतरी म्हणायला, आणि मिटून घेतलं.

आमच्या दारापाशी आल्यावर त्यांनी खुर्ची खाली टेकवली. दर वेळी तिथेच टेकवायचे. खुर्ची उंबऱ्याच्या आत ती येऊ द्यायची नाही. म्हणायची, घरात मी माझ्या पायांनी जाणार, आणि मग चौकटीला धरून, कितीही वेळ लागला तरी, उठायची. म्हणून चौघंही दांडे सोडून बाजूला झाले आणि तिला जागा करून देऊन उभे राहिले. मीही दार उघडून उभा राहिलो. बराच वेळ आम्ही सगळे तसेच थांबलो होतो.